कोपऱ्यांवरची हळद

बाळापुरात किल्ल्याकडे जाणाऱ्या गल्लीत, पिठाच्या चक्कीला लागून नगमाचं घर. पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर, एक छोटा प्रिंटर आणि खिडकीत टांगलेली पाटी, 'येथे छापून मिळेल'. भाऊ नईम दुकान बंद करून पुण्याला कामाला गेला तेव्हा हे सामान घरी आलं. चार महिने ते चादरीखाली झाकून पडलं होतं. मग एक दिवस नगमानंच चादर काढली. झेडपीच्या मराठी शाळेत शिकलेली मुलगी, मराठी टाईप करताना चुकत नसे. हळूहळू लोक येऊ लागले.

पण तिच्या पायाला भिंगरी होती. मशीनमध्ये कागद घातला की ती उठून दाराशी जायची, दारातून परत मशीनशी. तिची आई खुर्शीदबी म्हणायची, "त्या खुर्चीवर मशीनलेच बसव व माय. तू तं काही बसत नाहीस."

ही गोष्ट दोन हजार सहा-सातच्या सुमाराची. कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. पूर्वी लग्न निघालं की लोक अकोल्याच्या प्रेसमधून पत्रिकांचे गठ्ठे आणत. आता मोजक्या पत्रिकांत भागवू लागले, आणि एवढ्याशा कामासाठी प्रेसवाले मशीन चालू करत नसत. ते काम नगमाकडे येई. पण त्याहून जास्त येत ती तेरवीची कार्डं. साध्या पातळ कागदावर छापायची आणि छापून झाली की कात्रीनं एक कोपरा उडवायचा. कोपरा कापलेलं कार्ड हातात पडलं की न वाचताच कळतं, कुणीतरी गेलं. त्या सालात तिची कात्री फार चालली होती. गावंही ओळखीची, आडनावंही ओळखीची. कार्डं देऊन झाली की ती अंगण झाडायची, झाडलेलं पुन्हा झाडायची.

एक नेम मात्र तिनं कधी मोडला नाही. काम हिंदूंचं असो की मुसलमानांचं, ज्या कागदावर देवाचं नाव यायचं तो वजू केल्याशिवाय, म्हणजे नमाजाआधी धुतात तसे हात-तोंड-पाय धुतल्याशिवाय, ती छापायला घेत नसे. बिघडलेला कागदही केरात टाकत नसे. पिशवीत साठवून मन नदीच्या वाहत्या पाण्यात सोडायची.

माघ महिन्यात पार्बताबाई एक कापडी गाठोडं घेऊन आली. तिची शालू आणि नगमा एका बाकावर बसून शिकलेल्या. शालूचं लग्न मागच्या वर्षीच व्हायचं, पण ऐन वेळी पार्बताबाईच्या दिरानं शेतात जीव दिला आणि ते पुढे ढकललं गेलं. त्याच्या तेरवीची कार्डंही नगमानंच छापली होती. आता लग्न पुन्हा ठरलं होतं आणि तोंडावर आलं होतं. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं शालूचे वडील नत्थुजी कुलदैवताला निघणार होते. पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची, मग पातूर, मग नांदगाव खंडेश्वरचे पाहुणे. देवाची पत्रिका गेल्याशिवाय माणसांची निघत नाही.

नगमानं गाठोड्यातला कागद बोटांत धरून पाहिला. "काकू, हा कागद हाये का पाट हाये?"

"व्याह्यायची पत्रिका पाह्यली काय तू? अमरावतीची! हातात घेतली तं पुठ्ठा. अन् आपण काय पतंगाचा कागद धाडू? शालू म्हणे, आई, जाडच पाह्यजे. मंग यायनं अकोल्याहून आणला, मापात कापूनच."

"मशीन लहान हाये माहं. वही-पुस्तकाचा कागद खाते ते. हा घशात अडकन."

"नाई अडकत. तुह्या हातानं उतरीन. दिवे जायच्या आत दे फक्त."

भारनियमनामुळे दिवे संध्याकाळी जायचे ते थेट दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर यायचे. तोपर्यंत पहिली गाडी कधीच निघून गेलेली असणार.

पार्बताबाई गेल्यावर नगमानं गाठोडं पुरतं सोडलं आणि तिचा हात थांबला. प्रत्येक कोऱ्या पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना हळद लावलेली होती. ओली हळद. हळद लावतात ती छापून झाल्यावर. पण पार्बताबाईच्या सासूचं म्हणणं होतं की शुभकार्याचा कागद कोरा घराबाहेर काढू नये. मागच्या वर्षानं घाबरलेल्या पार्बताबाईनं या वेळी कुठलीच कसर ठेवली नव्हती.

नगमानं वजू केलं आणि आधी एक पत्रिका पुढच्या ट्रेमध्ये घातली. तिथून कागद आत जातो तो पूर्ण उलटा वळून वर येतो. जाड कागद कसा वळणार? मशीननं एक गुरगुर केली आणि दिवा लाल झाला. मग तिनं मागची झडप उघडली, तिथून कागद जवळजवळ सरळ जातो. पाकिटांसाठी असलेला खटका सरकवला, कॉम्प्युटरवर जाड कागदाची खूण केली. या वेळी पत्रिका आत गेली, पण ओल्या हळदीनं तिचे कोपरे भाजलेल्या पापडासारखे वळले होते. एक कोपरा रबरी रुळाला अडकला. हलक्या हातानं ओढून काढली तर रुळावर पिवळा पट्टा. दुसरी घातली, तीही अडकली.

ती दाराशी गेली. ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं. परत आली. पत्रिका उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. कोपरे, कोपरेच नडत होते. एरवी कार्डाच्या कोपऱ्याचं काय करतो आपण? तिचं लक्ष भिंतीवरच्या उन्हाकडे, आणि हात कात्रीकडे गेला होता. पाच-सात पत्रिका एकावर एक धरून तिनं एक कोपरा उडवलासुद्धा.

"या अल्लाह!" चहा घेऊन आलेली खुर्शीदबी उंबऱ्यातच थांबली. "हे काय करून राहिली तू? तेरवी हाये काय कोणाची?"

नगमानं हातातल्या पत्रिकांकडे पाहिलं. कात्री खाली पडली. शालूच्या लग्नाच्या पत्रिका, आणि कोपरा कापलेल्या.

"आता?" खुर्शीदबीनं विचारलं.

नगमा खोलीत येरझारा घालू लागली. मग तिनं लोखंडी पट्टी काढली, कापलेल्या पत्रिकांवर ठेवली. कापलेल्या बाजूची आख्खी कड सरळ छाटली तर पत्रिका बोटभर अरुंद होईल. वाटल्यावर कोणाला कळणार? कात्री उचलली. पट्टी दाबली. सोडली. पुन्हा दाबली.

"काप ना मंग," आई म्हणाली.

"शालूच्या हायेत त्या, अम्मी." तिनं त्या पत्रिका बाजूला सारून कपड्याखाली ठेवल्या. "इस्त्री पेटव तू."

कोळशाच्या इस्त्रीत निखारे पडले. एकेक पत्रिका ओढणीखाली ठेवून खुर्शीदबी कोपऱ्यांवर इस्त्री टेकवू लागली. ओल निघून गेली, पिवळे ठसे तेवढे राहिले. सपाट झालेल्या पत्रिका तिनं गव्हाच्या डब्याखाली दाबल्या. नगमानं रूळ पुसला, हातपाय धुऊन पुन्हा वजू केलं आणि बिस्मिल्ला म्हणून पहिली पत्रिका मागच्या झडपेत सोडली, बोटांनी अगदी हलकासा रेटा देत. मशीन क्षणभर थबकलं. मग सर्र, सर्र करत गणपती उमटला, कुलदैवताचं नाव उमटलं, शालूचं नाव उमटलं.

"उतरली!" खुर्शीदबी ओरडली.

पण जाड कागदावर शाई लवकर वाळत नाही, थप्पी लावली तर डाग पडतात. म्हणून आई पलंगभर पत्रिका मांडत होती, नगमा एकेक भरवत होती. झडप, पलंग, खिडकी, झडप. भिंतीवरचं ऊन कौलांवर गेलं, कौलांवरून कुठे गेलं ते तिला कळलं नाही.

पार्बताबाई आली तेव्हा शेवटची पत्रिका मशीनमध्ये होती. "झालं काय व नगमा?" तिनं विचारलं, आणि दिवे गेले. पत्रिका निम्मी आत, निम्मी बाहेर, तशीच राहिली.

"राहू दे, ओढू नको," खुर्शीदबी म्हणाली. "शाई फरकटन."

पार्बताबाईनं पलंगावरची पहिली पत्रिका उचलून कपाळाला लावली. कमरेच्या पुडीतल्या अक्षता तिच्यावर टाकल्या. मग बोटं फिरवत बाकीच्या पाहू लागली.

"काकू," नगमा म्हणाली. ती दाराशी होती, तिथून खिडकीशी गेली. "कमी भरतीन. काही खराब झाल्या. मी केल्या." आणि तिनं कपडा बाजूला केला.

पार्बताबाई त्या कापलेल्या कोपऱ्यांकडे पाहत पलंगाच्या कडेला बसली.  दिव्यांबरोबर शेजारची चक्कीही बंद पडली होती.

"धाकल्या दिराच्या कार्डाचे कोपरे तूच कापले होते ना?" ती म्हणाली.

"हो, काकू."

"हाताले तेच वळण पडलं मंग. तुह्या एकटीच्या नाई, आमच्याही." तिनं पदरानं तोंड पुसलं. "हे पाण्यात सोडून ये. आताच जाय. या घरात अन् माह्या घरात नको. जितके कमी पडतीन तितक्या घरी मी सोता जाऊन तोंडानं सांगतो."

मग तिनं मशीनकडे पाहिलं. "अन् ते अडकलेली कोणाची?"

"शेवटची म्हणून आमच्या वाट्याची होती," खुर्शीदबी म्हणाली.

पार्बताबाईनं पुडीत उरलेल्या अक्षता तिच्या हातावर ठेवल्या. "शालूचं लग्न हाये, खुर्शीदबी. पोरीले घेऊन ये. पत्रिका अडकली, माहं बोलावणं नाई अडकलं."

नगमा तेव्हा चपला घालत होती.

नदीत पाणी थोडंच होतं, पण वाहतं होतं. तिनं पत्रिका एकेक करून सोडल्या. पातळ कागद पाण्यात पडला की लगेच भिजून खाली जातो, हे तिला माहीत होतं. हा जाड कागद बुडेना. पिवळे कोपरे वर ठेवून पत्रिका तरंगत निघाल्या, आणि एक काठाच्या गवताला अडकली. नगमानं काडीनं ती ढकलली. ती पुढे गेली, पुन्हा अडकली. नगमा ओढणी खोचून काठाकाठानं तिच्याबरोबर चालू लागली.