चाकूरच्या बाईंचा ब्लॉग

आधी बिलाच्या काउंटरवरच्या ताईंचं सांगते. नांदेडच्या ज्या दुकानात मी साड्यांच्या घड्या घालते, तिथंच त्या बसतात. माझ्या मोबाईलमध्ये फीड रीडर त्यांनीच टाकून दिला.

त्याआधी जेवणाच्या सुट्टीत मी आवडत्या वेबसाइट एकेक करून उघडायची. ब्लाऊजच्या कटिंगची एक, ताऱ्यांची एक, आणि चाकूरच्या एका बाईंचा ब्लॉग. बहुतेकदा नवीन काहीच नसायचं. ताई म्हणाल्या, "रोज सगळ्यांच्या दारात कशाला जाऊन राहिलीस गं? कुणी नवीन लिहिलं की यात आपोआप येतंय."

तसं येऊ लागलं. माझं गाव किल्लारीच्या पुढं. आठवीत शाळा सुटली, पण वाचायची सवय काही सुटली नाही. चाकूरच्या बाई अंगणातल्या शेवग्यावर लिहायच्या, तुरीच्या शेंगा सोलण्यावर लिहायच्या. त्यांच्या लिहिण्यात आमच्याकडचं बोलणं होतं. लेडीज होस्टेलच्या खोलीत तेवढंच कुणीतरी माझ्याशी बोलतंय असं वाटायचं.

एकदा धीर करून त्यांच्या ब्लॉगवर खाली लिहिलं, "लई छान लिहिता. तुम्ही एकट्याच राहता का? लेकरं कुठं असतात?" गावाकडं पहिल्या भेटीत हेच विचारतात. पाठवल्यावर मात्र वाटलं, शिकलेल्या बाईला आपण हे काय विचारून बसलो?

त्यानंतर रीडरमध्ये त्यांचं काही आलंच नाही. कटिंगचं यायचं, ताऱ्यांचं यायचं, त्यांच्या नावापुढं काहीच नाही. दिवाळी गेली, थंडी सुरू झाली. माझ्यामुळंच त्यांनी लिहायचं सोडलं, हे मनातून जाईना. जेवण जाईना.

ताईंनी डबा बघितला. "काय गं, कुणी पोरगा बोलंना का?"

"न्हाई ओ ताई." आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी स्वतःचं जेवण बाजूला सारलं आणि माझा मोबाईल घेतला. रीडर बंद करून त्या बाईंचं पानच उघडलं. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, आता नवीन पत्त्यावर लिहिते. रीडरमध्येच सगळं वाचता येत होतं, म्हणून मी ते पान परत उघडलंच नव्हतं. रीडर बिचारा जुन्याच पत्त्यावर बघत बसला होता.

ताईंनी नवीन पत्ता टाकला. इतक्या दिवसांचं सगळं लिखाण एकदम आलं. शेवग्याला फुलं लागली होती. मी जुन्या पानावरचा माझा प्रश्नही बघितला. खाली उत्तर नव्हतं. त्यांनी तो वाचला की नाही, कुणास ठाऊक. माझ्यावरच्या रागानं लिहिणं थांबलं नव्हतं, एवढं खरं. पण मी कुणी आहे हेही त्यांना ठाऊक नसावं. सुटल्यासारखं वाटलं, आणि रडूही आलं.

"अगं, राग कशाचा यायचा त्यात?" ताई म्हणाल्या. "मी बी एकटीच राहते. मला कुणी विचारलं तर बरंच वाटंल."

एवढ्यात गिऱ्हाईक आलं. ताई तशाच उठल्या, त्यांची भाकरी अर्धी राहिली.

होस्टेलवर पाहुणं चालत नाही. पण माझी स्वतःची खोली झाली की पहिलं जेवण ताईंना घालणार आहे, गरम भाकरी, आणि त्यांना मध्येच उठू देणार नाही.