घरटी एक नाव

रविवार, ११ मार्च २००७, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. अंबरनाथच्या बुद्धविहारात शीला गमरे वर्गातल्या पायलला तिसऱ्यांदा अडवत होती.

"परत. आधी धर्मराजकाकांचं म्हणणं सांग. ते ‘हो, हेच’ म्हणाले पाहिजेत."

"ताई, पण ते चुकीचं बोलतात!"

"मग चूक तरी नीट सांग."

आठवडाभर आनंदनगरच्या औषध कारखान्यात पॅकिंगला उभं राहायचं आणि रविवारी अठरा पोरांना संविधान शिकवायचं, हे शीलाचं सहा वर्षं चाललं होतं. वर्गाचा नियम एकच: समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल असं मांडल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही.

पाचला विहाराची सर्वसाधारण सभा होती. तीन वर्षांसाठी कमिटी निवडायची होती, आणि आजवर तिच्यात एकही बाई नव्हती. आज जमलं नाही तर पुढची तीन वर्षं गेली. पोरांनी समानतेची कलमं, चौदा आणि पंधरा, तोंडपाठ केली होती.

सभेत पायल उभी राहिली. समोर अध्यक्ष धर्मराज, रिटायर्ड फिटर.

"काकांचं म्हणणं, बायकांना कमिटीची कटकट कशाला."

"मी असं म्हणतच नाही."

"बायकांना जमणार नाही, असं?"

"तेही नाही."

मागून कोणीतरी खिदळलं. धर्मराजांनी पिवळी पडलेली नियमावली वर धरली. "घरटी एक सभासद, सभासदांतूनच कमिटी. एकाही घरानं बाईचं नाव दिलं नाही. मी कुणाला अडवलं? तुमच्या क्लासात हे कुणी वाचलंय?"

कुणीच वाचलं नव्हतं. देशाची घटना सहा वर्षं शिकवली, आणि ज्या छताखाली शिकवली तिथली चोवीस कलमं शीलानंही उघडली नव्हती.

पायल मात्र बसली नाही. "म्हणजे दार उघडंच आहे, घरांनीच बाईला पाठवलं नाही."

"हो, हेच!"

"मग घरानं आत्ता नाव बदललं तर?"

धर्मराजांनी चष्मा लावला, पानं उलटली. "नियम नऊ. सभा सुरू असेपर्यंत, सभासदाच्या सहीनं."

एकच गलका झाला. वर्गातला सम्यक धावत जाऊन कोरे कागद घेऊन आला. सगळ्यांच्या नजरा शीलाच्या नवऱ्याकडे, नरेंद्रकडे वळल्या.

"माझंच घर दिसलं काय? आधी अध्यक्षांचं बदला की!"

शीला उठली. "याचं म्हणणं मी सांगते. आधी बापाचं नाव होतं, मग याचं. आज काढलं तर उद्या नाक्यावर पोरं म्हणणार, बायकोनं नरेंद्रला घरातून कटवला. बरोबर?"

नरेंद्रनं मान खाजवली. "हो... हेच."

"मग माझं उत्तर ऐक. वंदनेला मी येते, वर्ग मी घेते, मत मात्र तू देतोस. आणि गेल्या दोन सभांना तू झोपला होतास."

सभागृह हसून लोटपोट झालं. धर्मराजही हसले.

"दे रे पेन," नरेंद्र म्हणाला. "आणि सम्यक, दात काय काढतोस? नंतर तुझ्या बापाचा नंबर आहे."

सहा वाजून वीस मिनिटांपर्यंत एकेचाळीसपैकी नऊ घरांची नावं बदलली. हात वर झाले, दोनदा मोजले. शीलाला तेवीस मतं पडली. पायल बाकावर उभी राहून ओरडत होती; तिला कोणी खाली उतरवलं नाही.

विहार रोज कमिटीतलं कुणीतरी पाळीपाळीनं उघडतं; सोमवारी सकाळी साडेसहाची पाळी शीला गमरेची आहे. कारखान्याची बस सव्वासातला येते.