पत्रावळशेटचा कारखाना

आमच्या मंचरच्या शेटजींचा माणसांपेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर फार विश्वास. पत्रावळ हातात आली की ती सूर्यासमोर धरायची आणि टिपूसभर उजेड दिसला तरी बाजूला टाकायची, हा त्यांचा नेम. पत्रावळीत आमटी वाढायची असते, ऊन नाही, हे सांगायची माझी छाती नव्हती. मी त्यांचा गुमास्ता. गाव त्यांना पत्रावळशेट म्हणे आणि त्यांना ते आवडेही.

धंदा सरळ होता. डोंगराकडून पळसाची पानं बैलगाडीने येत. सहा बायका ती घरी नेत आणि पत्रावळी लावून आणून देत. शेटजींचं दुःख एवढंच, की काम त्यांच्या नजरेआड होई. सकू नावाची बाई दिवसाला दोनशे आणून देई, तर खूश व्हायचं सोडून हे कष्टी. "नजरेआड दोनशे! मग माझ्यासमोर किती झाल्या असत्या?"

अशात पाटलांच्या घरचं लग्न निघालं. पाच दिवसांत चार हजार पत्रावळी हव्या होत्या. जुन्नरचा एक व्यापारी टपूनच बसला होता. पंगतीला पान कमी पडलं असतं तर पुन्हा कोणी आम्हाला दारात उभं केलं नसतं. शेटजींनी नेमका हाच मुहूर्त धरला. दुकानामागच्या पडवीत सतरंज्या अंथरल्या, सहाही जणींना तिथे बसवलं आणि स्वतः समोर पाटावर ठाण मांडलं.

संध्याकाळी सकूच्या पत्रावळी भरल्या चाळीस. दुसऱ्या दिवशी शेटजी जेवायलाही उठले नाहीत, तेव्हा पस्तीस. बाकीच्यांची तीच गत. जसजसे डोळे वटारावेत तसतशा पत्रावळी घटत होत्या.

"घरी दोनशे लावतेस ना गं?"

"घरी व्हतात की," सकू खाली मान घालून म्हणाली. "हितं न्हाई व्हत."

तिसऱ्या दिवशी सकाळी, सकू पडवीत असताना, शेटजी मला घेऊन तिच्या घरी थडकले. ओसरीवर सासरा काड्या सोलत होता, पोरगी पानं भिजवत होती आणि मधे बसलेली आंधळी सासू उरल्यासुरल्या पानांच्या पत्रावळी लावत होती. तिची बोटं नुसती पळत होती. दोनशेतल्या दीडशे कुणाच्या, हे विचारायची गरजच उरली नाही.

"कोन हाय?" म्हातारीने विचारलं.

शेटजींनी मला कोपराने ढोसलं. मी म्हणालो, "पाव्हणे आहेत, आजी."

"बसा पावणं. सकू शेटकडं गेलीया. त्यो मेला लई चिकित्सक. आंदळीच्या हातचं हाय कळलं तर समदं काम काडून घील. कुटं बोलू नगा, बरं का."

"नाही बोलणार, आजी," शेटजी हळूच म्हणाले.

दुकानात येऊन त्यांनी स्वतः सतरंज्या गुंडाळल्या. "पडवीत जागा पुरत नाही, घरीच लावा," असं बायकांना सांगून पानं वाटून टाकली. लग्नाच्या सकाळी शेवटचा गठ्ठा पोचला आणि पंगत बसली.

पुढे कितीतरी वर्षं शेटजी आठवड्यातून एकदा पाव्हणे म्हणून त्या ओसरीवर जात आणि शेटची, म्हणजे स्वतःचीच, निंदा तासभर मन लावून ऐकत. म्हातारीला फसवल्याचं त्यांना वाईट वाटे, पण खरं सांगितलं तर ती धास्तावेल, म्हणून गप्प राहत.

शेटजी गेले तेव्हा तिला कळवायला मीच गेलो. म्हटलं, "आजी, ते पाव्हणे येत होते ना, ते वारले."

तिचे हात थांबले. "शेट म्हना की. त्येच्या जोड्याची करकर समद्या आळीला ठावं. पयल्याच दिशी वळकला व्हता. काम जाऊ नये म्हनून तसं बोलले मी."

तिने पदराने डोळे पुसले.

"मग त्यो येतच ऱ्हायला. आता सांगा, मी नावं कुनाला ठिवू?"