उस्ताद घोरत नव्हता

आमच्या गल्लीतल्या न्हाव्याला सगळे उस्ताद म्हणतात. हात सोन्यासारखा, तोंड मात्र फाटकं. दुकानावर ठळक पाटी, 'फक्त पुरुषांसाठी'. कुणी बायकांच्या केसांचं नाव काढलं की म्हणायचा, "वेण्या घालायला मी काय बांगड्या भरल्यात?"

असा हा वाघ मुलीबरोबर त्या बाहुलीच्या सिनेमाला गेला. तिथे सगळं गुलाबी गुलाबी. त्यात सुटाबुटातला एक बाहुला आरशासमोर उभा राहून म्हणतो, "हा सूट मला विचारून चढवला होता का कुणी?" झालं! उस्ताद हुंदके द्यायला लागला. अंधारात मुलीला म्हणाला, "तुझ्या आत्याच्या बाहुलीच्या वेण्या मीच घालायचो गं. बाबांनी बघितलं आणि अशी कानाखाली दिली..." मुलीनं सिनेमा संपेपर्यंत त्याचा हात सोडला नाही. हे मला त्याच्या बायकोकडून कळलं. बातम्या माझ्याकडे आपल्या पायांनी येतात.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत पोस्टमास्तर, तोंडभर साबण; बाकावर मी, गल्लीतला रिकामटेकडा म्हातारा.

"काय उस्ताद, बाहुली बघून आलात म्हणे? लिपस्टिक कधीपासून?"

दुकान खदाखदा हसलं.

"अहो, पोरीनं ओढत नेलं. मी तर पहिल्यापासून घोरत होतो. बायकी थेरं सगळी!"

दारात मुलगी डबा घेऊन उभी होती. तिनं डबा बाकावर ठेवला आणि निघून गेली. उस्ताद दाराकडे बघत राहिला, हात मात्र चालूच. पोस्टमास्तरांची अर्धी मिशी साबणाबरोबर गेली. मग उरलेलीही काढावी लागली.

संध्याकाळी उस्ताद मुलीला म्हणाला, "चुकलं गं बाळा."

"मला काय सांगता? मी शेजारीच होते. ज्यांना घोरलो म्हणालात, त्यांना सांगा."

आठवड्यानं मिशीचे खुंट घेऊन पोस्टमास्तर पुन्हा आले. "आज जागे आहात ना?"

उस्तादनं वस्तरा खाली ठेवला. कान लालेलाल. "मास्तर, मी घोरत नव्हतो. रडत होतो. आणि वेण्या मला येतात."

मास्तर फिस्सकन हसले. उस्तादनं मान खाली घातली, पण शब्द मागे घेतला नाही.

मुलीला हे मीच जाऊन सांगितलं.

"खरं, आजोबा? लाज वाटली असेल ना त्यांना?"

"वाटली म्हणजे! तुझ्यासमोर यायचीही वाटतेय. म्हणून तर मला पुढे धाडलंय."