रोजा सोडायला सोबत

आमच्या कॉलेजात मी सांभाळते त्या ग्रंथालयाच्या समोर एक खोली आहे. पूर्वी तिथं मोडकी बाकं कोंबून ठेवायचे. गेल्या जुलैत एका सकाळी कामावर आले तर बाकं बाहेर काढलेली आणि आत एक मुलगी तोंडाला ओढणी बांधून कोळिष्टकं काढत होती. कोण, कुठली, कशाला आली, कुणालाच ठाऊक नव्हतं. माझा स्वभाव चौकस. आमचे हे त्याला नाक खुपसणं म्हणतात. मी सरळ आत जाऊन विचारलं, "काय गं, शिपाई म्हणून लागलीस का?"

"नाही मॅडम. भुकेवर काम करायला आलेय," ती म्हणाली.

मला हसू आलं. "इथं कोण उपाशी आहे? प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे."

"तेच बघायला आलेय," ती म्हणाली आणि पुन्हा झाडू मारायला लागली.

ती सबा. वडील लालसाब टेम्पो चालवतात, चादरी-टॉवेलचे गठ्ठे कारखान्यातून रेल्वेच्या मालधक्क्यावर पोचवतात. आई कमरबी घर सांभाळते. सबा पदवीला पहिल्या वर्गात पास झाली आणि चार मुली करतात तशी बँकेच्या परीक्षेची तयारी करायची सोडून एका सेवावर्षात शिरली. पदवीनंतर एक वर्ष देशाच्या कामाला द्यायचं, अशी ती योजना. कुणाला दवाखाना मिळतो, कुणाला झाडं लावायचं काम. सबाच्या वाट्याला आमचं कॉलेज आणि भूक आली. मानधन असं, की रिक्षानं घरी जायचं ठरवलं तर वाटेतच संपेल. तिचा भाऊ तिला "केळीवाली" म्हणून चिडवायचा. तिला त्याचं काहीच वाटायचं नाही, याचंच मला नवल वाटायचं.

पहिल्या महिन्यात तिनं सरकारी थाटात पाटी लावली: 'विद्यार्थी अन्नसहाय्य कक्ष'. आत कपाटात पोहे, शेंगदाणे, चिवडा, केळी आणि एक विजेची शेगडी. ती पाटी वाचून खरा उपाशी माणूस पोट धरून पळाला असता. झालंही तसंच. पंधरा दिवस चिटपाखरू फिरकलं नाही. मग सबानं पाटी उतरवली आणि नुसतं दार उघडं ठेवलं. तेव्हा आली ती संगमेश आणि त्याची टोळी. बापाचं कापडाचं दुकान, बुडाखाली मोटारसायकल, आणि तरी अर्धा किलो चिवडा उभ्या-उभ्या फस्त. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

"हाकल त्यांना," मी म्हटलं.

"राहू द्या मॅडम. टोळीत एखादा खरा भुकेला पण असेल. हाकललं तर तोही जाईल."

मग ती शोधायला निघाली. म्हणजे काय, तर मधल्या सुटीत नुसती आवारात हिंडायची. कोण डबा उघडतं, कोण कुणाच्या डब्यात हात घालतं, कोण सुटीभर नळाशीच घोटाळतं. मला वाटायचं, हा काय उद्योग? पण चार दिवसांनी मीही खिडकीतून तेच बघायला लागले. ही सवय लागते.

दिवाळीनंतर ग्रंथालयात मधल्या सुटीत एकच मुलगी बसलेली असायची. सुकन्या, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. सांगोल्याकडची, धनगराची पोर. अभ्यासात हुशार आणि देवभक्त इतकी, की मला तिचं कौतुक वाटायचं. कधी विचारलं, "जेवलीस का गं?" की म्हणायची, "आज उपास हाय मॅडम." सोमवारी महादेवाचा, मंगळवारी देवीचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. सोमवार तर मीही धरते. पण हिच्या उपासांपुढं माझे म्हणजे नुसती हौस.

सबा तिच्याजवळून जाताना आवाजही करायची नाही. चहाचा कप हातात असला तर मागं लपवायची. सगळ्या आवाराला "घे, खा" म्हणणारी मुलगी या एकीला मात्र कधीच काही देत नव्हती. डिसेंबर गेला, जानेवारी आला, तरी तेच. शेवटी न राहवून मी विचारलं.

"ती उपवासाची असते ना मॅडम," सबा म्हणाली. "आमची अम्मी लहानपणापासून सांगते, 'रोजेदार को खाने का पूछना नको.' त्याचं मन चळतं, आपल्याला गुन्हा लागतो."

"अगं बाई! आमच्या उपासाला खातात!"

सबाचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिचं उभं आयुष्य सोलापुरात गेलेलं, शेजारी-पाजारी सगळे हिंदू, पण उपास म्हणजे रोज्यासारखाच कडकडीत, असं ती धरून चालली होती. आपण होऊन कुणी कशाला सांगेल? मी तिला यादीच ऐकवली. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळी, केळी, दूध. "एकादशी अन् दुप्पट खाशी, असं आमच्यात म्हणतात ते उगीच नाही."

"मग सुकन्या शेंगदाणे का खात नाही?"

दुसऱ्या दिवशी मी घरून खिचडी करून नेली. सबानं ती सुकन्यापुढं ठेवली. सुकन्यानं डब्याकडं बघितलं, तो मागं सरकवला आणि म्हणाली, "माझा कडक असतोय. कायबी चालत न्हाय." मग उठून नळावर गेली आणि ओंजळीनं पोटभर पाणी प्यायली.

तो बुधवार होता. बुधवारचा उपास कुठल्या देवाचा, हे मला आजतागायत माहीत नाही.

हळूहळू उलगडा झाला. सुकन्याचे आई-बाप, येडू आणि फुलाबाई, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात ते पावसाळ्याच्या तोंडावर परततात. आज या शिवारात, उद्या त्या. ज्याच्या रानात मेंढरं बसवली, तो खताच्या बदल्यात धान्य देतो. फोन लागला तर लागला. वसतिगृहाची खोली वर्षाची मिळाली होती, पण खानावळ पैसे आधी मागते आणि त्यांच्या हातात दिवाळीनंतर धान्य येतं, पैसे येत नाहीत. आईनं जाताना वाळवून दिलेल्या भाकऱ्या आणि चटणी सुकन्या रात्री पाण्यात भिजवून खायची. आता त्याही संपत आल्या होत्या. हे सगळं आम्हाला तिनं सांगितलं नाही, तिच्या खोलीतल्या मुलीनं सांगितलं. मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही, पण डोकं तडकलं.

"चल, आत्ताच तिला बोलावू आणि जेवायला बसवू," मी म्हटलं.

"नको मॅडम. इतके दिवस तिनं देवांची नावं घेऊन झाकलंय. आपण झाकण काढलं तर ती उद्या इथं दिसणार नाही."

आणि न काढताही तेच व्हायची वेळ आली. फेब्रुवारीत एका दुपारी सुकन्या माझ्या टेबलापाशी आली. हातात तिच्या नावावरची सगळी पुस्तकं. "जमा करून घ्या. आईकडं जाते."

"आणि परीक्षा?"

"बघू की."

ते 'बघू' मी ओळखते. मेंढरांमागं गेलेली पोरगी पुन्हा वर्गात आलेली मी तरी बघितली नाही. मी मान वर न करता म्हटलं, "आज सर्व्हर बंद आहे. उद्या ये." सर्व्हर माझ्यासमोर छान चालू होता. देव मला क्षमा करो, नाहीतर न करो.

दुसऱ्या दिवशी रमजानचा पहिला रोजा होता. सुकन्या निघालीय, हे मी सबाला सांगितलं होतं. परीक्षा जवळ आल्या की आमचा वाचनकक्ष संध्याकाळीही उघडा असतो. ऊन कलल्यावर ती आत आली आणि सुकन्याच्या समोर उभी राहिली.

"सुकन्या, एक काम होतं. आज माझा पहिला रोजा. घरी पोचेपर्यंत अजान होईल, म्हणून इथंच सोडावा लागणार. एकटीनं सोडायचं जिवावर येतं. तू बसशील माझ्याबरोबर?"

"मी कशाला? माझाबी उपास हाय."

"म्हणून तर. दिवसभर उपाशी राहिलेलंच माणूस सोबतीला हवं. माझा सुटेल, तुझाही सुटेल."

सुकन्यानं माझ्याकडं बघितलं. मी पुस्तकावर शिक्के मारत म्हटलं, "संध्याकाळी सोडतातच की उपास."

"एकटीनं सोडला तर पाप लागतंय व्हय?" तिनं सबाला विचारलं.

"पाप नाही लागत. पण रोजेदाराबरोबर कुणी बसलं, त्याच्यापुढं पाणी ठेवलं, तर ठेवणाऱ्याला पुण्य मिळतं म्हणतात."

सुकन्यानं जरा विचार केला. "मग बसते की. पुण्याला कशाला न्हाय म्हनू?"

त्या खोलीत सतरंजी अंथरली. खजूर, पपई, भजी आणि कमरबींनी दिलेला डाळ-भोपळ्याचा दालचा आणि भात. पाण्याचे पेले सुकन्यानंच भरले. कंपाउंडच्या पलीकडच्या मशिदीतून अजान आली, सबानं खजूर तोंडात घातला आणि दुसरा तिच्यापुढं केला. उपास सोडायची वेळ झाली म्हटल्यावर 'नको' कसं म्हणणार? सुकन्यानं पहिले घास अगदी सावकाश घेतले. मग तिचा हात भराभर चालायला लागला. सबा मान खाली घालून टेम्पोच्या, भावाच्या, कसल्या कसल्या गोष्टी सांगत राहिली. तिनं एकदाही वर बघितलं नाही. मी मात्र बघत होते.

दुसऱ्या दिवशी सुकन्यानं पुस्तकांचा विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी ती सबाच्या आधी येऊन सतरंजी झटकून बसली होती. पुढं पुढं तर तीच मालकीण झाली. "ताई, पपई अशी जाड कापत्यात व्हय? सरा तिकडं." तिकडं कमरबींचा डबा वाढत चालला. टेम्पोची फेरी संपली की लालसाब तो फाटकापाशी देऊन जायचे. "तुझी सोबतीण जेवते का नीट?" एवढंच कमरबी लेकीला विचारायच्या.

सबा खोदून खोदून विचारायची, आणि सुकन्या सांगायची. मेंढरू आजारी पडलं की कान कसे पाडतं. नवं रान कोण ठरवतं. चुलीवरची पहिली भाकरी आई कुत्र्याला टाकते, कारण रात्रभर कळप तो राखतो. एकदा सबानं विचारलं, "रानात अनोळखी माणूस आलं तर?"

"दूध देतो. वाटसरू उपाशी गेला तर कळपाला दृष्ट लागती म्हनतोय आमचा बा." जरा थांबून ती म्हणाली, "आमी देतो ताई. मागत न्हाय कुनाला."

सबाजवळ तिच्या आईनं दिलेली अक्कल होती आणि ती तिनं उलटी वापरली होती, हे मला त्या दिवशी नीट कळलं. रोजेदाराला खाऊ घालणाऱ्याचा मान मोठा असतो, आणि त्या खोलीत रोजेदार सबा होती, तो मान सुकन्याचा होता.

ईदेला मी शीरखुर्मा खायला त्यांच्या घरी गेले. कमरबींनी वाटीमागून वाटी लादली. "घ्या की मॅडम, एवढ्यानं काय होतंय?" नवे कपडे घातलेली सबा कोपऱ्यात तोंड पाडून बसली होती.

"ईदेच्या दिवशी काय झालं गं तुला?"

"उद्यापासून रोजा नाही," ती म्हणाली. "आता तिला काय सांगून बसवू?"

परीक्षेला अजून महिना होता आणि मेंढरं त्या वेळी विजापूरच्या बाजूला होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सबानं शेगडीवर आमटी-भात केला. कशासाठी, ते मी विचारलं नाही. मी पण घरी गेले नाही. अजान झाली. सतरंजी कपाटावर गुंडाळलेलीच होती. वाचनकक्षात सुकन्या दिवसभर आली नव्हती. सबा भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढायची, पुन्हा ठेवायची.

मग दारात सुकन्या उभी राहिली. एकटी नव्हती. तिच्यामागं तिच्याच वयाची एक किडकिडीत मुलगी होती. ग्रंथालयात मी तिला शंभरदा बघितलं असेल, पण कधी लक्षात आली नव्हती.

"ताई, ही सृष्टी. करकंबची. आमच्या वरच्या मजल्यावर ऱ्हाती," सुकन्या म्हणाली. "हिला भूक लागलीया."

सृष्टीनं मान खाली घातली. सबा उठली, सतरंजी अंथरली आणि तिला हात धरून बसवलं. एक ताट मांडलं. सुकन्या दारातच उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"ये ना," सबा म्हणाली.

"आज माझा उपास न्हाय ताई."

"माझाही नाही."

"तसं न्हवं." तिचा आवाज फुटला. "कवाच न्हवता. मलाबी भूक लागलीया. लई दिसांची."

मी तोंड फिरवून रडले, त्यात लाज कसली. सबा मात्र दुसऱ्या ताटात भात वाढत होती.