सईच्या रोबोची चेन

सकाळपासून ग्रुपवर पार्किंगमधल्या खडखडाटाच्या तक्रारी येताहेत, म्हणून सोसायटीची सेक्रेटरी या नात्याने लिहिते.

मी दटावायलाच खाली गेले. तिसऱ्या मजल्यावरची सई आणि तिची मैत्रीण उद्याच्या स्पर्धेतल्या रोबोच्या चाकांची खडखडणारी चेन काढून बेल्ट बसवत होत्या.

"काकू, तुमच्या सगळ्यांच्या झोपेसाठी," सई म्हणाली. "आता आवाज नाही."

"आणि जोर?"

ढकलून बघायला मी भरलेली बादली रोबोसमोर ठेवली. बेल्ट चाकाच्या दातांवरून घसरत राहिला, रोबो जागचा हलेना. उद्या तर समोरचा रोबो ढकलायचाय. सईचा चेहरा उतरला.

"चेन लाव परत," मी म्हटलं. "झोप आम्ही उद्या काढू."

डोंबिवलीत दहा दिवस डीजे ऐकणाऱ्या आपल्याला एक चेन खुपावी?

दुपारी सोसायटीच्या हॉलची किल्ली आणि आवाज दबावा म्हणून खाली अंथरायला दोन जुन्या सतरंज्या सईकडे दिल्या; सराव आता तिथेच.