गठ्ठे बांधणारा मालक

गाठीमास्तर एका मिनिटात तीन गठ्ठे बांधायचा. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. पन्नास अंक, वर-खाली जाड कागद, उभी-आडवी सुतळी, गुडघा टेकवून एक आवळ, आणि गाठ. त्याचा गठ्ठा चालत्या गाडीतून फेकला तरी सुटत नसे. बाकीच्यांचे सुटत. म्हणून त्याला सगळे गाठीमास्तर म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं, तिथंच राहिलं.

आमचं सांजदैनिक होतं. साडेअकराला यंत्र सुरू व्हायचं, साडेबाराला गाड्या बाहेर पडायच्या. मी यंत्राच्या घडीच्या टोकाला, तो माझ्यापासून आठ पावलांवर. एकवीस वर्षं आम्ही असे उभे होतो. यंत्र चालू असताना बोललेलं ऐकू येत नाही. माणूस हातांवरून ओळखावा लागतो. त्याच्या हातांनी काम चुकवल्याचं मी पाहिलं नाही. हे मी सगळ्यांबद्दल म्हणत नाही.

स्वभाव मात्र कमालीचा संशयी. दुधात पाणी नसलं तर दूधवाल्याला आज काय झालं म्हणून विचारणारा. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सांगायच्या, "लग्न ठरलं तेव्हा यांनी माझ्या वडिलांना तीनदा विचारलं, मुलगी हीच ना?"

"मग? मोठी बहीण पण होती," गाठीमास्तर म्हणायचा.

असा माणूस एकाच ठिकाणी डोळे मिटायचा. गाड्या भरताना दर थांब्याची एक अशा बेचाळीस चिठ्ठ्या त्याच्या सहीने जायच्या. तो गठ्ठे मोजायचा, वरच्यावर थाप मारायचा आणि नजर गाडीतच ठेवून हात बाजूला करायचा. कुणीतरी त्या हाताखाली पॅड धरायचं. सही झाली की हात परत सुतळीवर.

मी एकदा टोकलं, "बघून तरी करत जा."

"सही गठ्ठ्यांची असते. गठ्ठे मी बघितलेत."

जुने मालक होते तोवर आमच्याकडे लपवण्यासारखं फारसं नव्हतं. ते स्वतः खाली यायचे, शाईच्या वासात उभे राहून चहा प्यायचे. म्हणायचे, "पेपर विकून पेपर चालत नाही रे. कागदाचाही खर्च निघत नाही. पोसतो तो जाहिरातवाला. आणि पोसणारा एक दिवस ताटात काय वाढायचं तेही सांगतो. म्हणून एकाच्याच हातचं खायचं नाही." त्यामुळे आमच्या पेपरात चपलांची दुकानं, शिंपी, चष्मेवाले, शिकवण्या अशा बारीक बारीक जाहिरातींची गर्दी असे. दिसायला गबाळं, पण कुणा एकाची मिजास नव्हती.

ते गेले. मुलांना शाईचा वास सोसत नव्हता. त्यांनी विकलं. कुणाला विकलं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

शेवटच्या पानाच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत एक ओळ असते. मालक कोण, छापलं कुणी, प्रसिद्ध केलं कुणी. ती ओळ कुणी वाचत नाही. गाठीमास्तर रोज वाचायचा. तिथं आधी माणसाचं नाव होतं, आता कंपनीचं आलं. सात महिन्यांनी दुसऱ्या कंपनीचं. मग तिसरीचं.

"भाडेकरूसुद्धा इतक्या वेळा घर बदलत नाही," तो म्हणाला.

चपलांच्या दुकानाची जाहिरात गेली. शिंपी गेला. शिकवण्या गेल्या. पानं मात्र आठाची बारा झाली आणि पगार एक तारखेला होऊ लागला. जुन्या मालकांच्या वेळी तो सातला व्हायचा, कधी दहाला. बाकीचे खूश होते. मीही होतो.

"आजारी माणूस जाड होतोय," गाठीमास्तर म्हणाला. "याला बाळसं म्हणत नाहीत. सूज म्हणतात."

"पगार मिळतोय ना? मग गप बस की."

"देतोय कोण, ते सांग. मग बसतो."

त्यानंतर पुलाची बातमी आली. नव्या उड्डाणपुलाच्या खांबाला तडा गेला होता. पहिल्या पानावर फोटो, तड्यात माणसाची चार बोटं मावत होती. तीस गठ्ठे गाडीत चढले आणि वरून फोन आला. यंत्र थांबलं. गठ्ठे उतरवले. गाठीमास्तरला स्वतःच्या गाठी स्वतः कापायला लावल्या. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. तासाभराने नवं पान आलं. तड्याच्या जागी सकाळी चालण्याचे फायदे.

तो सुतळीचे तुकडे गोळा करत होता. मला म्हणाला, "पूल बांधणाऱ्याची जाहिरात आपल्याकडे कधी बघितलीस?"

आठवून पाहिलं. एकही नाही.

"जाहिरात देत नाही, तरी त्याची बातमी अडते. म्हणजे तो गिऱ्हाईक नव्हे. घरातला आहे."

मला ते पटलं. पण पटलं म्हणून मी काय केलं? डबा उघडला आणि जेवलो.

दोन महिन्यांनी त्याच्या घरी पत्र आलं. कंपन्यांच्या नोंदणी कार्यालयाचं, शिक्क्याचं. त्याने ते मला कामाच्या आधी, हात धुवायच्या जागेपाशी वाचायला दिलं. त्यात लिहिलं होतं की तो एका कंपनीचा संचालक असून तिचे अर्धे भाग, म्हणजे शेअर, त्याच्या नावावर आहेत. कंपनीने दोन वर्षं विवरण भरलेलं नाही. दंड का करू नये, खटला का भरू नये, तीस दिवसांत सांगा. कंपनीचं नाव मी ओळखलं. आमच्या शेवटच्या पानाच्या तळाशी तेच होतं.

"म्हणजे आपल्या पेपरचा मालक..."

"मी," तो म्हणाला. "निम्मा."

मला हसू आलं. त्याला आलं नाही. घरी वहिनींनी म्हणे विचारलं होतं, "मग मी मालकीण झाले का? अहो, मग आजची भांडी कोण घासणार?" त्यानंतर मात्र त्यांनी घराचे कागद काढून बघितले. घर त्यांच्या दोघांच्या नावावर होतं. तेवढंच होतं. दंडात ते गेलं असतं.

आता माझं सांगतो. मी त्याच्यावर संशय घेतला. मनात आलं, हा रोज ओरडतो मालक कोण म्हणून, आणि आतून याचंच काही असलं तर? उगाच कुणाचं नाव कशाला लागेल? काही मिळालं असेल, तेव्हाच गप्प सही केली असेल. मी हे त्याला बोललो नाही. दुसऱ्यांना बोललो. ते जास्त वाईट. आठवड्याभरात सगळे त्याला शेठ म्हणू लागले.

"शेठ, आज तुम्ही गठ्ठे उचलता? माणसं ठेवा की."

"शेठ, यंत्राला तेल नाही. तुमचंच आहे, लक्ष असू द्या."

तो मात्र तीन गठ्ठे मिनिटाला, तेवढेच बांधत होता.

मग व्यवस्थापकांनी त्याला वर बोलावलं. हे व्यवस्थापक नव्या लोकांनी आणलेले. बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याने पाणी मागावं. सोबत म्हणून गाठीमास्तरने मला नेलं. का नेलं, ते मला तेव्हा कळलं नाही. माझ्याशी तर तो चार दिवस धड बोलत नव्हता.

"काका, बसा ना. पत्राचं ऐकलं मी. अहो, घाबरण्यासारखं काही नाही. कागदोपत्री व्यवस्था असते ही. विश्वासातली माणसं लागतात."

"मला न विचारता विश्वास ठेवला?"

"सही आहे तुमची."

सही होती. त्यांनी कागद फिरवून दाखवला. त्याचीच, ओढलेली, शेवटी फाटा असलेली. चिठ्ठीवर व्हायची तशी. तारीख होती नवी ओळखपत्रं निघाली त्या महिन्याची. तेव्हा सगळ्यांकडून फोटो आणि कागदांच्या प्रती घेतल्या होत्या.

ती तारीख बघितली आणि मला वरच्या मजल्यावरचा कारकून आठवला. वरची माणसं छपाईच्या वेळी खाली येत नाहीत, कपडे खराब होतात. हा मात्र त्या महिन्यात एकदा गाड्या भरताना आला होता. पांढरे बूट शाईतून वाचवत, टाचा उचलून चालत. मी त्याला हसलो होतो, म्हणून लक्षात राहिला. त्याच्या हातात चिठ्ठ्यांचं पॅड होतं. त्याने ते गाठीमास्तरच्या हाताखाली धरलं. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. आणि गाठीमास्तरची नजर गाडीत होती.

"आता एकच सही करा," व्यवस्थापक म्हणाले. "तुमचे भाग दुसऱ्याच्या नावे जातील. तुम्ही मोकळे. दंडाचं आम्ही बघतो."

या वेळी त्याने कागद वाचला. बोट ठेवून, ओळ न् ओळ. वाचायला त्याला वेळ लागतो. व्यवस्थापकांनी दोनदा घड्याळ बघितलं. एका जागी बोट थांबलं.

"इथं नाव नाही."

"ते नंतर भरलं जाईल."

"कुणाचं?"

"ते वर ठरतं, काका."

"वर म्हणजे कुठं? वर तर आपणच बसलोय. याच्या वर गच्ची आहे."

व्यवस्थापक हसले. मग हसायचे थांबले. "सही केली नाही तर खटला तुमच्यावर चालेल. समजतंय ना?"

"समजतंय. पत्ता नसलेला गठ्ठा मी गाडीत चढू देत नाही, साहेब. कुणाच्या डोक्यावर जाऊन पडेल, सांगता येत नाही." त्याने कागद परत सरकवला. "नाव लिहा. मी त्या माणसाला भेटतो. तो हो म्हणाला तर सही करतो."

नाव कुणी लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला रवानगीतून काढून रद्दीच्या खोलीत बसवलं. त्याच्या जागी दोन माणसं लावली. दोघं मिळून मिनिटाला तीन गठ्ठे बांधत नव्हती.

त्याच दिवशी डब्याच्या सुट्टीत तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "पांढरे बूट तू बघितले होतेस. तेव्हा हसत हसत मला सांगितलंही होतंस. नोंदणी कार्यालयात येऊन सांगशील?"

म्हणून त्याने मला वर नेलं होतं. मला तारीख दाखवायला.

माझी नोकरी दोन वर्षं उरली होती. मी म्हटलं, बघतो. दोन दिवस बघितलं. त्या दोन दिवसांचं समर्थन माझ्याकडे नाही. तिसऱ्या दिवशी रजा टाकली आणि गेलो.

कार्यालयात सहा खिडक्या होत्या आणि माणूस एका खिडकीत. तिथल्या बाईंनी आमचे अर्ज वाचले. गाठीमास्तरचा दोन पानी, माझा अर्धं पान. मी जेवढं पाहिलं तेवढंच लिहिलं होतं. कारकून, बूट, पॅड, महिना. कारकुनाच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही, हेही लिहिलं.

"तुम्ही मालक नाही म्हणता," बाई म्हणाल्या. "मग मालक कोण?"

"ते तुम्ही शोधा. मी नाही, एवढं मला माहीत आहे."

"या कंपनीचे उरलेले अर्धे भाग दुसऱ्या कंपनीकडे आहेत. तिचे तिसरीकडे." त्यांनी पान उलटलं. "तिसरीचा पत्ता म्हणजे एक टपालपेटी आहे."

"पेटीला पाय नसतात, ताई. कुणीतरी किल्ली घेऊन येत असेल."

त्यांनी वर बघितलं, मग शिक्का मारला.

चौकशी अकरा महिने चालली. घर राहिलं. दंड झाला नाही. कंपनीतून त्याचं नाव निघालं. माझी मात्र सकाळच्या सफाईच्या पाळीला बदली झाली. यंत्र पुसायचं काम. मी ते नीट केलं. कारकुनाला बढती मिळाली, असं ऐकलं. खात्री नाही. पुलाच्या खांबाभोवती पत्रा लावला. आत काय चाललं होतं, आमच्या पेपरात कधी आलं नाही.

नाव निघालं त्या दिवशी सगळ्यांनी गाठीमास्तरला चहा पाजला. शेठ म्हणणारे सगळ्यांत पुढे. त्याने चहा घेतला, पण त्याचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो परत त्या खिडकीवर गेला आणि नोंदीची नक्कल मागून आणली. त्याच्या नावाच्या जागी नवं नाव आलं होतं. एका बाईचं. खाली पत्ता.

"तू सुटलास ना?" मी म्हटलं.

"मी सही दिली नाही. मग यांना हिची कुठून मिळाली?"

रविवारी आम्ही दोघं गेलो. चार मजले चढून. जिन्यात कपडे वाळत होते, मान वाकवून जावं लागत होतं. दार एका पन्नाशीच्या बाईने उघडलं. हातात ओलं फडकं. गाठीमास्तरने नाव विचारलं. तीच होती.

"ताई, तुम्ही एका वर्तमानपत्राच्या मालकीण आहात."

तिने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आमच्या हातांकडे. शाई नखांतून जात नाही.

"वर्गणी नकोय," ती म्हणाली. "आमच्याकडे कुणी वाचत नाही."

"वर्गणी नाही. तुम्ही काम करता तिथं कुणी सह्या घेतल्या का? फोटो, कागदांच्या प्रती?"

फडकं एका हातातून दुसऱ्या हातात गेलं.

"मी एका हपिसात लादी पुसते," ती म्हणाली. "पगाराच्या कागदावर सही करते. सगळ्याच करतात."

"कोणतं हपिस?"

"का? माझी नोकरी घालवायला आलात?" तिचा आवाज चढला. "तुम्हाला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही."

"कुणी पाठवल्याशिवाय चार जिने कोण चढतं?"

तिच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं, आणि दार लावलं असतं.

गाठीमास्तर तिच्या उंबऱ्याबाहेर पायरीवर बसला. खिशातून स्वतःला आलेलं ते जुनं पत्र काढलं, मांडीवर सपाट केलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचू लागला. सावकाश. ती ऐकत होती. दार मात्र तिने अर्धंच उघडं ठेवलं होतं, आणि कडीवरचा हात काढला नव्हता.